कुत्रा पाळणे आणि शब्द पाळणे

मराठीत 'पाळणे' हे क्रियापद आपण किती निरनिराळ्या ठिकाणी योजतो! उपवास पाळतो, रविवार पाळतो, पथ्य पाळतो, दिलेला शब्द पाळतो. आणि त्याच क्रियापदाने कुत्राही पाळतो. पहिल्या चारही ठिकाणी पाळणारा स्वतःस बांधून घेतो. पाचव्या ठिकाणी मात्र साखळी जनावराच्या गळ्यात पडते आणि पाळणारा मोकळाच राहतो, असा समज आपल्या समाजात रूढ झालेला दिसतो. कुत्रा हवासा वाटला तेव्हा आणला, नकोसा झाला तेव्हा दिला, यात कोणाचे काय बिघडले, असे सुशिक्षित माणसेही सहज विचारतात. बिघडते ते कुत्र्याचे. आणि अलीकडे आणखी एका वर्गाचे बिघडू लागले आहे. टाकलेली कुत्री उचलून आणणारी, त्यांस बरी करणारी, त्यांच्यासाठी नवी घरे शोधणारी मूठभर माणसे आज ज्या ओझ्याखाली वाकली आहेत, त्याचा विचार आम्हांस येथे करावयाचा आहे. एकाने मोडलेल्या शब्दाची भरपाई दुसऱ्याने का करावी, आणि कोठवर करावी, असा तो प्रश्न आहे.

आमच्या वसईच्या वाड्यांत पूर्वी कुत्रे नव्हते असे नाही. ओट्यावर, बावखलाच्या काठी, केळीच्या बागेत एखादा गावठी कुत्रा असेच. त्याला कोणी विकत आणलेले नसे. उरलेला भात आणि मासळीची डोकी यांवर तो वाढे, रात्री परक्याची चाहूल लागताच भुंके, आणि एका घराचे दार बंद झाले तर शेजारच्या ओट्यावर जाऊन बसे. त्या काळाचे गोडवे गाण्याचा आमचा हेतू नाही. नको असलेली पिल्ले पोत्यात घालून खाडीपलीकडे सोडून येण्याची रीत तेव्हाही होती, खरजेने कातडे झडलेली कुत्री दारोदार फिरत, आणि पिसाळलेल्या कुत्र्याच्या चाव्याने माणसे दगावत. तथापि एक गोष्ट खरी की, तो कुत्रा एकाच माणसाच्या मर्जीवर सर्वस्वी जगत नसे. त्याला चार घरे होती.

जातिवंत कुत्र्याला एकच घर असते. लॅब्राडॉर, जर्मन शेफर्ड, पग, सैबेरियन हस्की, सेंट बर्नार्ड ही नावे आज शाळकरी मुलांनाही तोंडपाठ आहेत. परंतु ही कुत्री माणसाने विशिष्ट कामासाठी आणि विशिष्ट हवेसाठी पिढ्यान्‌पिढ्या निवड करून घडवली, हे त्यांच्या आईवडिलांच्याही गावी नसते. हस्की हा सैबेरियाच्या बर्फात घसरगाडी ओढणारा कुत्रा; त्याच्या अंगावर केसांचे दुहेरी आवरण असते. कुत्र्याला आपल्यासारखा सर्वांगाला घाम येत नाही, मुख्यतः धापा टाकूनच तो शरीरातील उष्णता बाहेर घालवतो. पगचे नाक माणसाने हौसेखातर इतके चपटे करून ठेवले आहे की, धाप टाकणे हेच त्याला कष्टाचे होते. अशा जिवांना कोकणपट्टीच्या मे महिन्यात, दमट हवेत, तिसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीत बांधून ठेवणे हे प्रेम कसे होऊ शकते, हे आम्हांस कळत नाही.

ही हौस कोठून येते, हेही पाहण्याजोगे आहे. १९९६ साली डाल्मेशियन कुत्र्यांवरचा इंग्रजी चित्रपट नव्याने पडद्यावर आला आणि अमेरिकेत ठिपक्यांच्या पिल्लांना एकाएकी मागणी आली. पिल्ले वाढून धसमुसळी झाली तेव्हा ती आश्रयस्थानांच्या दाराशी येऊ लागली. आपल्याकडे २००३ साली हच या मोबाइल कंपनीच्या जाहिरातीत लहान मुलाच्या मागे मागे जाणारा पग दिसला आणि शहरोशहरी पग हवेसे झाले. जाहिरात काही महिन्यांत बदलते. पग बारा-तेरा वर्षे जगतो. इंग्लंडमधील एका श्वानरक्षक संस्थेने १९७८ सालीच लोकांना बजावले होते की, कुत्रा आयुष्यभरासाठी असतो, केवळ नाताळपुरता नव्हे. नाताळात रिबीन बांधून पिल्लू भेट देण्याची ती रीत आता आपल्या बंगल्यांतही आली आहे.

रस्त्यावरच्या कुत्र्याविषयी सरकारने निदान काही विचार केलेला आहे. २००१ चे आणि त्यांच्या जागी आलेले २०२३ चे प्राणी जन्मनियंत्रण नियम असे सांगतात की, भटक्या कुत्र्याचे निर्बीजीकरण आणि लसीकरण करून त्याला जेथून उचलले त्याच जागी परत सोडावे. कारण त्याला स्वतःची हद्द असते, ओळखीची माणसे असतात. घरातून काढलेल्या लॅब्राडॉरला कोणत्या जागी सोडणार? त्याला हद्द नाही. तेथील कुत्री त्याला आपल्यात घेत नाहीत, फाडतात. वाहने चुकवणे त्याला कोणी शिकवलेले नसते. प्रत्येक गाडी थांबली की आपलाच मालक आला, असे समजून तो तिच्याकडे धावतो. महामार्गावर सोडलेला घरचा कुत्रा फार काळ जगत नाही. सोडणाऱ्यालाही ते ठाऊक असते. म्हणूनच तो रात्री सोडतो.

सोडण्याची कारणे एका मापाने मोजू नयेत. सोसायटी कुत्रा ठेवू देत नाही, असे पुष्कळजण सांगतात. वास्तविक पाळीव प्राण्यांवर सरसकट बंदी घालण्याचा अधिकार गृहनिर्माण संस्थेला नाही, असे भारतीय पशुकल्याण मंडळाने २०१५ सालीच मार्गदर्शक सूचना काढून स्पष्ट केले आहे. बाळ होणार आहे, घराला नवा रंग दिला आहे, कुत्रा केस फार गाळतो, ही कारणे ऐकून तर बोलणेच खुंटते. २०२० च्या मार्चमध्ये पाळीव प्राण्यांपासून कोरोना होतो अशी अफवा उठली आणि काही घरांतून कुत्री बाहेर काढली गेली. त्याच टाळेबंदीत घरी बसून कंटाळलेल्या दुसऱ्या काही घरांनी पिल्ले विकत आणली, आणि कचेऱ्या सुरू होताच त्यांनाही कुत्रा जड झाला.

पण एक कारण आमच्या फार जवळचे आहे. आमच्या समाजातील मुले शिकतात, आखातात जातात, कॅनडाला जातात. जाण्यापूर्वी चार-पाच वर्षे हौसेने आणलेला जर्मन शेफर्ड मागे राहतो. त्याच्यासोबत सत्तरीचे आईवडील राहतात. कुत्रा तीस-पस्तीस किलोंचा. त्याने साखळीला एक हिसका दिला तर म्हातारा माणूस ओट्यावरून खाली यावयाचा. मग तो बांधून ठेवला जातो, दिवसरात्र. बांधलेला कुत्रा चिडका होतो. चिडका झाला म्हणून अधिकच बांधला जातो. अखेर परदेशातून एक दूरध्वनी एखाद्या स्वयंसेविकेला येतो. येथे आईवडिलांना दोष देणे अन्यायाचे होईल. मुलालाही जाऊ नकोस असे कोणी म्हणणार नाही. तरीही पासपोर्ट, व्हिसा, पेटारे, निरोपाचे जेवण या साऱ्यांची व्यवस्था सहा महिने अगोदर लावणाऱ्या माणसाने कुत्र्याची व्यवस्था शेवटच्या आठवड्यावर टाकावी, यात अगतिकता किती आणि बेफिकिरी किती, हे ज्याचे त्याने ठरवावे. मालकाचा मृत्यू, मोठे आजारपण, राहते घर जाणे, ही खरी अगतिकता. ती आम्ही मानतो.

आता त्या दूरध्वनीच्या दुसऱ्या टोकाला काय असते ते पाहू. इंग्लंड-अमेरिकेत बहुतेक जातींची आपापली मंडळे असतात आणि त्या त्या जातीच्या निराधार कुत्र्यांची सोय पाहणारी शाखाही असते. आपल्याकडे असे क्वचित. येथे एखादी बँकेत नोकरी करणारी बाई असते, एखादा महाविद्यालयीन मुलगा असतो, एखादे निवृत्त शिक्षक असतात. त्यांनी एकदा एक कुत्रा वाचवला, आणि त्यांचा क्रमांक गावभर झाला. आलेल्या पिल्लाला पार्व्होची लागण असेल तर त्याला निदान दोन आठवडे इतरांपासून वेगळे ठेवावे लागते, आणि दोन खोल्यांच्या घरात वेगळे ठेवण्याची जागा म्हणजे न्हाणीघर. तो विषाणू जमिनीत कित्येक महिने टिकतो, म्हणून फरशी रोज ब्लीचने धुवावी लागते. गोचीडतापाच्या कुत्र्याला अठ्ठावीस दिवस डॉक्सिसायक्लीनची गोळी द्यावयाची असते. ती तो थुंकतो. पैदास करणाऱ्यांनी दर माजाला विणवून निरुपयोगी झाली म्हणून टाकलेली मादी येते. तिच्या गर्भाशयात पू झालेला असतो आणि शस्त्रक्रिया त्याच रात्री करावी लागते. ते बिल कोणी भरायचे? ज्याने तिची पिल्ले विकून पैसे मिळवले तो तर पसार झालेला असतो. कुत्रा बरा झाला की निर्बीजीकरण, मग घर शोधणे, ते घर प्रत्यक्ष जाऊन पाहणे, आणि इतके होऊनही आठव्या दिवशी 'आमच्या आजीला आवडत नाही' म्हणून तो परत येणे. हे सारे नोकरी आणि स्वयंपाक सांभाळून.

अंगाचे श्रम माणूस सोसतो. न सोसणारी गोष्ट निराळीच आहे. दूरध्वनीवरचा माणूस पुष्कळदा विनंती करीत नाही, मुदत घालतो: उद्या संध्याकाळपर्यंत न्या, नाहीतर आम्ही त्याला सोडून देऊ. हे वाक्य नीट तपासून पाहण्यासारखे आहे. त्यात एका निरपराध जिवाला ओलीस धरलेले आहे. आणि धमकी ज्याला कुत्र्याची पर्वा नाही त्याला दिलेली नसून, ज्याला पर्वा आहे नेमकी त्यालाच दिलेली आहे. निर्दय माणसावर ती चालत नाही. जितके मन कोवळे तितकी ती अधिक चालते. पुढे त्या कुत्र्याचे काही बरेवाईट झाले तर सोडणारा शांत झोपतो, आणि नाही म्हणणारी बाई रात्रभर जागी राहते. दोष एकाचा आणि अपराधी भाव दुसऱ्याला, अशी ही उलटी वाटणी आहे. आमच्या मते येथे निःसंदिग्धपणे सांगितले पाहिजे की, जागा नाही म्हणून नकार देणाऱ्याकडे त्या कुत्र्याच्या पुढील हालांची नैतिक जबाबदारी जात नाही. ती ज्याने त्याला घरी आणले त्याच्यापाशीच राहते. स्वयंसेवकाची दया हे दान आहे. मालकाची जबाबदारी हे ऋण आहे. दानाने ऋण फिटत नाही, निदान ऋणकोने तसे समजू नये.

शुभवर्तमानातील चांगल्या शोमरोन्याची गोष्ट आपण लहानपणापासून ऐकत आलो. तिच्यातील उतारशाळेच्या रक्षकाकडे मात्र सहसा कोणाचे लक्ष जात नाही. जखमी माणूस अखेर त्याच्याकडेच सोपवला गेला. रात्रीची शुश्रूषा त्यानेच केली असणार. पण शोमरोनी त्याच्या हाती दोन दिनार देतो, आणि अधिक काही खर्चशील तर परत येईन तेव्हा फेडीन असा शब्द देतो. त्याने दुसऱ्याच्या चांगुलपणावर फुकट भार टाकला नाही. आणि तो तर त्या जखमी माणसाचा कोणीही लागत नव्हता! आपल्याच कुत्र्याला स्वयंसेविकेच्या फाटकाला बांधून निघून जाणाऱ्याशी त्याची तुलना करण्याचेही धाडस होत नाही.

सतत दुसऱ्याचे दुःख झेलणाऱ्या माणसाची सहानुभूतीच झिजून जाते, हे परिचारिकांच्या बाबतीत १९९२ साली कार्ला जॉयन्सन यांनी लिहिले, आणि पुढे १९९५ साली चार्ल्स फिगली यांनी त्यावर ग्रंथ सिद्ध केला. करुणेचा थकवा असे तिचे नाव. टाकलेल्या कुत्र्यांची सेवा करणाऱ्यांत तिची लक्षणे स्पष्ट दिसतात. काहीजण कोरडे, तुसडे होतात. माणसांवरचा त्यांचा विश्वास उडतो, आणि कुत्रा घेण्यास आलेल्या चांगल्या कुटुंबालाही ते चोरासारखे उलटतपासतात. काहीजण एके दिवशी क्रमांक बदलून नाहीसे होतात. तिसरा प्रकार सर्वांत करुण. कोणालाच नाही म्हणता न आल्याने एकाची चार, चारांची तीस कुत्री होतात, आणि ज्याने दयेपोटी आरंभ केला त्याच्याच घरात ती अर्धपोटी, रोगट, आपसांत लढत कोंडून राहतात. म्हणून नकार देता येणे हा दयेचाच एक भाग आहे, असे आम्ही म्हणतो. दहा कुत्री नीट सांभाळता येतात त्याने अकरावे घेऊन त्या दहांचा घास काढून घेऊ नये. हे लिहिणे सोपे आहे, दारातल्या अकराव्याच्या डोळ्यांत पाहून म्हणणे कठीण आहे, याची आम्हांस जाणीव आहे.

येथे एक आक्षेप हमखास येतो: माणसे उपाशी असता कुत्र्यांवर एवढा पैसा का? आक्षेप हसण्यावारी नेण्यासारखा नाही. १९९२ च्या कॅथोलिक धर्मशिकवणग्रंथात दोन्ही बाजू शेजारी शेजारी मांडल्या आहेत. प्राण्यांना विनाकारण यातना देणे मानवी प्रतिष्ठेस सोडून आहे. आणि माणसांच्या दैन्यनिवारणास जो पैसा आधी जावयास हवा तो प्राण्यांवर उधळणेही अयोग्यच आहे. पण हा आक्षेप विचारायचा कोणाला? ज्या माणसाने मिरवण्यासाठी हजारो रुपये मोजून हस्की आणला आणि त्याच्यासाठी वातानुकूलित खोली केली, त्याला हा प्रश्न कोणी विचारलेला आम्ही ऐकला नाही. तो विचारला जातो पगारातून औषधे आणणाऱ्या बाईला. शिवाय ज्याने आणला त्यानेच अखेरपर्यंत सांभाळला असता तर त्या बाईला हा खर्च करावाच लागला नसता.

पाळलेल्या जिवाशी आपले काही कर्तव्य असते का, यावर तत्त्वज्ञांचे एकमत नाही. कांटच्या मते आपले कर्तव्य थेट प्राण्याशी नसते; परंतु सेवा करून थकलेल्या कुत्र्याला निरुपयोगी म्हणून गोळी घालणारा धनी स्वतःतील माणुसकीला इजा करतो, असे तोही म्हणतो. महाभारतातला युधिष्ठिर याहून पुढे जातो. स्वर्गाचा रथ समोर उभा असता, वाटेत मागे मागे आलेल्या कुत्र्याला टाकून तो त्यात पाय ठेवीत नाही. आणि तो कुत्रा त्याने विकत आणलेला नव्हता, केवळ आश्रयाला आलेला होता. आम्हांस कांटपेक्षा युधिष्ठिर जवळचा वाटतो. दोन माणसांमधील करारात एकाने शब्द मोडला तर दुसरा त्याला जाब विचारू शकतो, न्यायालयात खेचू शकतो. कुत्रा काहीच करू शकत नाही. ज्याला आठवण करून देता येत नाही अशा जिवाला दिलेला शब्द म्हणूनच अधिक बंधनकारक मानला पाहिजे.

कायदा आहे. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने जनावराला उपासमार होईल अशा स्थितीत टाकून देणे आणि सतत बांधून ठेवलेल्या कुत्र्याला फिरवून न आणणे, हे दोन्ही गुन्हे ठरवले. पहिल्या गुन्ह्यास दंड मात्र दहा ते पन्नास रुपये! पैदाशीसंबंधीचे नियम २०१७ साली आले. पैदास करणाऱ्याने नोंदणी करावी, आठ आठवड्यांच्या आतील पिल्लू विकू नये, असे त्यांत आहे. तरीही चाळीस दिवसांची पिल्ले विकली जातात आणि घेणारा वय विचारीत नाही. २०२५ साली भटक्या कुत्र्यांच्या प्रश्नावरून सर्वोच्च न्यायालयात आणि देशभर मोठा वाद झाला. त्या वर्षीच्या २२ ऑगस्टच्या आदेशात रस्त्यावरचे कुत्रे दत्तक घेऊ इच्छिणाऱ्यांना मुभा देताना न्यायालयाने हेही बजावले की, एकदा घेतलेला कुत्रा पुन्हा रस्त्यावर येणार नाही हे पाहण्याची जबाबदारी घेणाऱ्याची. वादाच्या गदारोळात या ओळीकडे फारसे कोणाचे लक्ष गेले नाही.

शब्द पाळणे म्हणजे कोणत्याही परिस्थितीत स्वतःच सांभाळीत राहणे, असा अर्थ आम्हांस अभिप्रेत नाही. आल्प्स पर्वतात, समुद्रसपाटीपासून २,४६९ मीटर उंचीवर, संत बर्नार्ड यांनी अकराव्या शतकात स्थापलेला वाटसरूंचा आश्रम आहे. सतराव्या शतकाच्या अखेरीपासून तेथील धर्मसंघी मोठी कुत्री पाळीत आले. बर्फात हरवलेल्यांना हुडकण्याच्या कामी ती प्रसिद्धीस आली आणि त्यांनाच आज सेंट बर्नार्ड म्हणतात. त्यांतील बॅरी नावाच्या कुत्र्याने चाळीसांहून अधिक माणसे वाचवली, असे सांगतात. तो थकला तेव्हा त्याला बर्न शहरी उतारवय काढण्यासाठी धाडण्यात आले. तेथे तो १८१४ साली मेला. पुढे आश्रमातील धर्मसंघींची संख्या अगदी थोडी उरली आणि कुत्र्यांची निगा त्यांना झेपेना. त्यांनी कुत्री कोणाच्या फाटकाला बांधली नाहीत. २००५ साली मार्टिन्यी येथे त्याच कामासाठी एक स्वतंत्र न्यास उभा राहिला, त्याने श्वानगृह रीतसर हाती घेतले, आणि आजही उन्हाळ्यात ती कुत्री त्या खिंडीत नेली जातात. तीनशे वर्षांचे पाळणे असे दुसऱ्याच्या हाती देता येते.

तेव्हा ज्याला खरोखरच कुत्रा देणे भाग आहे त्याने निदान इतके करावे: नवे घर मिळेपर्यंत तो आपल्याच घरी ठेवावा, त्याचे निर्बीजीकरण आणि लसी आपल्या पैशाने कराव्यात, शोधण्याच्या कामात स्वतः फिरावे, आणि न्यावयाचा दिवस आला की नोकराच्या हाती न पाठवता स्वतः घेऊन जावे. परदेशी असेल तर महिन्याचा खर्च पाठवावा. तेथून पैसे पाठवणे आता कठीण राहिलेले नाही. आणि सोबत एक कागद लिहून द्यावा. तो काय खातो, फटाक्यांना घाबरतो का, कोठे हात लावलेला त्याला खपत नाही, आणि घरात त्याला कोणत्या लाडक्या नावाने हाक मारीत. लसीच्या पुस्तिकेवरचे नाव बहुधा निराळेच असते. नव्या जागी पहिल्या रात्री कुत्रा दाराकडे तोंड करून बसतो, आणि सांभाळणाऱ्याला त्याला हाक मारावयाची असते.